एक आणा विमान

ताफा-वाटपाचा अर्ज आलाय.
तीन रकाने: पहिली पसंती, दुसरी, तिसरी.
खाली बारीक अक्षरांत,
पसंती म्हणजे हक्क नव्हे.

सोनेगावला हँगरमागे, पत्र्याच्या सावलीत
मांडीवर तर्रीपोहे, पेन दातांत.
बाहेर शेहेचाळीस अंश.
धावपट्टी पाण्यासारखी हलते.

लहान विमान: सहा खुर्च्या, आखूड नाक,
गोंदियाला उतरतं, यवतमाळला उतरतं,
मे महिन्यात दुपारी एक माणूस कमी घेतं.
मधलं: त्यात उभं राहता येतं,
मान जरा वाकवून.
मोठं: नागपूरहून एका दमात नैरोबी,
पगार दीडपट, बंधपत्र तीन वर्षांचं,
आणि झोप अशा खोलीत
जिच्या खिडक्या उघडत नाहीत.

आमच्याकडे अख्खं विमान कुणाचंच नसतं.
सोळा हिस्से पाडतात.
जुन्या हिशेबात एक आणा.
काटोलच्या मामांचा विहिरीत चार आणे हिस्सा होता,
आठवड्याला पावणेदोन दिवस पाणी.
पाळी चुकली की मोटर बंद,
दिवाळीपर्यंत बोलणंही बंद.
इथे पाळी चुकत नाही.
हिस्सेदार फोन करतो, आठ तासांत विमान हजर,
फक्त ते त्याचं नसतं.
त्याचं, कागदावरचं, आज बेळगावात
दुसऱ्याच्या व्याह्यांची वाट बघत उभं असतं.
तरी शिडी चढताना तो दाराची कड थोपटतो
आणि पाहुण्यांना म्हणतो, आपलंच.
मी उजव्या खुर्चीतून ऐकते.
माझ्या नावावर एक पैदेखील नाही.

कॅप्टन तेलरांधे मागच्या वर्षी मोठ्यावरून लहानावर आले.
स्वतःहून. ज्येष्ठतेच्या यादीत चौथा क्रमांक असून.
लोक म्हणाले, कान गेले असतील, नाहीतर हृदय.
मी सरळ विचारलं.
"काऊन म्हणजे? त्रिमूर्तीनगरात घर हाये माझं, पोरी.
बावीस वर्षं हप्ते भरले.
अन् रात्री उठलो तं बाथरूम कोनत्या बाजूले हाये
थेच मले सांगता ये नाही."
मग तापलेल्या पंखाकडे बघत, बऱ्याच वेळाने,
"मोठ्याले वजन कळत नाही. याले कळते."

परवा मलाही कळलं.
सहा जण, एक कुत्रा,
आणि लग्नाच्या पितळी समया, लाकडी पेटीसकट.
तक्त्यावरून बोट खाली खाली नेत
मी सांगितलं, नव्वद किलो जास्त.
हिस्सेदार हसले. विमान माझं आहे, बाई.
तेलरांधे काही बोलले नाहीत,
चष्मा पुसत राहिले. म्हणजे बोलायचं मीच होतं.
साहेब, विमान तुमचं, हवा कुणाचीच नाही,
आणि आज ती फार पातळ आहे,
पाहुणे वाढल्यावरच्या ताकासारखी.

समया उतरल्या. एक मेव्हणा उतरला,
तो टॅक्सीने गेला, तोंड न बघता.
कुत्रा मात्र आला.
धावपट्टीच्या टोकाचं कुंपण जवळ आलं,
मोठं झालं, त्याची प्रत्येक तार दिसली,
मग ते खाली गेलं.
वर्धा रोड. ट्रक. एका गच्चीवर वाळणारे कुरडईचे पांढरे गोळे.
मागे कुणीतरी चिप्सचं पाकीट फोडलं.

तर, अर्ज.
पहिल्या रकान्यात मी मोठंच लिहिते.
मी एकोणतीस वर्षांची आहे,
मला नैरोबी बघायचंय,
आणि बाथरूम कुठे हे मला अजून झोपेतही कळतं.
दुसऱ्यात लहान. हे लिहिताना पेन जरा रेंगाळतं.
तिसरा रिकामा.
वेळापत्रकवाला उईके म्हणतो, रिकामा चालत नाही मॅडम,
सिस्टीम घेत नाही.
मग तिथे मधलं लिहिते
आणि नकळत मानेवरून हात फिरवते.

तर्रीचा एक थेंब खालच्या ओळीवर सांडलाय,
नेमका 'हक्क' या शब्दावर.
उईके कागद उन्हात धरतो, फुंकर मारतो.
चालते, म्हणतो.